हेतूंची टक्केवारी

२४ मार्च १९६५ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील एक वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्यासाठी एक टिपण तयार केले. मॅकनॉटन मूळचे हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक. दक्षिण व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन सैनिक उतरून तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते. आपण या युद्धात कशासाठी उतरलो आहोत, या प्रश्नाचे उत्तर त्या टिपणात टक्केवारीत दिलेले आहे. सत्तर टक्के अमेरिकेची नाचक्की टळावी म्हणून. वीस टक्के दक्षिण व्हिएतनाम आणि त्याच्या आसपासचा मुलूख चीनच्या हाती पडू नये म्हणून. उरलेले दहा टक्के तिथल्या लोकांना अधिक चांगले, अधिक मोकळे आयुष्य लाभावे म्हणून.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या भाषणांत हे प्रमाण उलटे दिसे. व्हिएतनामी जनतेचे स्वातंत्र्य तिथे अग्रभागी असे आणि नाचक्कीची भीती ‘दिलेला शब्द पाळण्याच्या’ भाषेत येई. सत्तर टक्क्यांचा हिशेब अमेरिकी जनतेला कळला तो १९७१ च्या जूनमध्ये, डॅनियल एल्सबर्ग यांनी बाहेर काढलेले ‘पेंटॅगॉन पेपर्स’ वृत्तपत्रांत छापून येऊ लागले तेव्हा. तोवर हजारो अमेरिकी तरुण आणि लाखो व्हिएतनामी माणसे मेली होती. मॅकनॉटन स्वतः १९६७ मध्ये विमान अपघातात गेले. आपले टिपण जगाने वाचलेले त्यांनी पाहिले नाही.

या टिपणाकडे पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते, कारण ते कोणाला पटवण्यासाठी लिहिलेले नव्हते. ते गोपनीय होते. त्यात खोटे बोलण्याची गरज नव्हती. आणि तरीही त्यात रबर नाही, कथील नाही, शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्या नाहीत. साम्राज्यवादाच्या नेहमीच्या आरोपपत्रात जे शोधायला आपण जातो, ते तिथे सापडत नाही. जे सापडते ते आपल्या ओळखीचे आहे आणि म्हणूनच अधिक भयावह आहे: चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही ही भीती. एका बलाढ्य राष्ट्राने या भीतीपोटी वर्षानुवर्षे युद्ध लांबवले.

अमेरिका परदेशात सैन्य का पाठवते, हा वाद आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून विद्यापीठातल्या परिसंवादापर्यंत चालतो. त्यातली एक बाजू म्हणते, सगळे तेलासाठी. दुसरी म्हणते, हुकूमशहा आणि दहशतवादी यांच्याशी कोणी तरी लढलेच पाहिजे, आणि ते ओझे अमेरिका वाहते. दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत असते: हेतू एकच आहे आणि तो आपल्याला ठाऊक आहे. आमचा आक्षेप या एकमतावर आहे.

मराठीत यासाठी चार निरनिराळे शब्द आहेत. हेतू, कारण, निमित्त आणि सबब. हेतू माणसाच्या मनात असतो आणि एका सरकारात माणसे शेकडो असतात. कारण कागदावर मांडावे लागते, म्हणून ते तपासता येते. निमित्त घडते किंवा घडले असे सांगितले जाते. सबब पुढे केली जाते. व्हिएतनामबाबत अमेरिकी संसदेने ७ ऑगस्ट १९६४ रोजी जो ठराव केला, त्याला टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर झाल्याचे सांगितलेले दोन हल्ले निमित्त ठरले. त्यांपैकी २ ऑगस्टचा हल्ला खरा होता. ४ ऑगस्टचा झालाच नव्हता. अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकाराने ते पुढे दाखवून दिले आणि तो अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. प्रतिनिधिगृहात त्या ठरावाच्या विरोधात एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये दोन पडली, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांची. १९६८ मध्ये दोघांनीही आपापली जागा गमावली.

इराकबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. त्या युद्धाचे पुष्कळसे दप्तर आता उघडले आहे आणि ‘खरा हेतू कोणता’ हा वाद सर्वांत जास्त तिथेच पेटला.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारात सद्दाम हुसेनला हटवावे असे वाटणारे पुष्कळ होते, पण प्रत्येकाचे वाटणे वेगळे होते. संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांना १९९१ मध्ये सद्दामला सत्तेवर राहू दिले ही घोडचूक वाटत होती आणि बगदादमध्ये लोकशाही आली तर साऱ्या अरब जगाची वाट बदलेल असा त्यांचा विश्वास होता. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना कमी फौजेने, वेगाने युद्ध जिंकता येते हे दाखवायचे होते. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना ११ सप्टेंबर २००१ नंतर कोणताही धोका अंगावर घ्यायचा नव्हता. १९९३ मध्ये आपल्या वडिलांना मारण्याचा कट सद्दामने केला होता, असे बुश स्वतः जाहीरपणे बोलले. लंडनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना अमेरिका एकटी पडू द्यायची नव्हती. २८ जुलै २००२ च्या पत्रात त्यांनी बुश यांना काहीही झाले तरी आपण सोबत असू असे कळवले होते. सद्दामची राजवट हटवणे हे अमेरिकेचे अधिकृत धोरण तर बुश येण्यापूर्वी, १९९८ मध्ये, क्लिंटन यांच्या सहीनेच कायद्यात आले होते. यांपैकी कोणाचा हेतू खरा मानायचा?

मे २००३ मध्ये, म्हणजे बगदाद पडल्यानंतर महिन्याभराने, वुल्फोवित्झ यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाला मुलाखत दिली. सरकारी यंत्रणेची जी रीत असते तिच्यामुळे, ज्यावर सर्वांचे एकमत होऊ शकेल असे एकच कारण आम्ही पुढे केले आणि ते म्हणजे संहारक शस्त्रे, अशा अर्थाचे ते बोलले. त्याच मुलाखतीत त्यांनी हेही सांगितले की इराकी जनतेवरचे अत्याचार हे आणखी एक कारण होते, पण तेवढ्यासाठी एवढ्या प्रमाणावर अमेरिकी मुलांचे जीव धोक्यात घालणे समर्थनीय ठरले नसते. मॅकनॉटन यांचे दहा टक्के इथे पुन्हा भेटतात. युद्धाच्या कोणाही टीकाकाराने किंवा समर्थकाने जे सांगितले नाही, ते युद्धाच्या एका शिल्पकाराने सांगितले: जाहीर कारण हे सर्वांत मोठे कारण नव्हते, ते सर्वांना एकत्र बांधणारे कारण होते.

जाहीर कारण असे निवडले जाते, म्हणून ते नगण्य ठरते असे मात्र नाही. उलट इथेच ते महत्त्वाचे होते. चेनींच्या मनात काय होते ते तपासायला कोणतेही यंत्र नाही. इराककडे रासायनिक, जैविक शस्त्रे आहेत की नाहीत, अणुबाँब बनवण्याची खटपट चालू आहे की नाही, हे तपासायला माणसे होती आणि ती त्या वेळी इराकमध्येच काम करत होती. हॅन्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखालचे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ मध्ये परतले. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. मर्यादेपलीकडे पल्ला असलेली अल-समूद क्षेपणास्त्रे त्यांना सापडली आणि ती त्यांच्या देखरेखीखाली मोडण्यात येत होती. संहारक शस्त्रांचा साठा सापडला नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल-बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितले की इराकने नायजरकडून युरेनियम मागितल्याचा पुरावा म्हणून दिलेली कागदपत्रे बनावट आहेत. उरलेली कामे पुरी करायला वर्षे लागणार नाहीत, आठवड्यांतही ती होणार नाहीत, काही महिने लागतील, असे ब्लिक्स यांनी त्याच दिवशी सांगितले. १८ मार्चला निरीक्षकांना इराक सोडावे लागले. २० मार्चला बाँब पडू लागले.

जे कारण जगापुढे ठेवले होते त्याची पडताळणी चालू होती, उत्तर हळूहळू ‘नाही’च्या बाजूला झुकत होते आणि नेमक्या त्याच वेळी पडताळणी थांबवली गेली. हेतूंबद्दलच्या शेकडो तर्कांपेक्षा हा एक घटनाक्रम आम्हाला अधिक बोलका वाटतो. युद्धानंतर ही शस्त्रे शोधणाऱ्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या अमेरिकी पथकाने ऑक्टोबर २००४ मध्ये अहवाल दिला तेव्हा तेच निघाले: साठे नव्हते, कार्यक्रम १९९१ नंतर मोडीत निघाले होते. सद्दामने संदिग्धता ठेवली होती ती मुख्यतः इराणला धाक राहावा म्हणून, असे त्या अहवालाचे म्हणणे होते.

आता तेलाकडे वळू. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. चेनी यांच्या ऊर्जा कृतिगटाच्या कागदपत्रांत इराकच्या तेलक्षेत्रांचा नकाशा होता, तोही मार्च २००१ चा. बगदाद पडले तेव्हा तेल मंत्रालयाभोवती अमेरिकी पहारा बसला आणि राष्ट्रीय संग्रहालयात लुटारू घुसले, मेसोपोटेमियाच्या हजारो वर्षांच्या ठेव्यावर हात मारला गेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ मधल्या आत्मचरित्रात हे युद्ध बहुतांशी तेलाबद्दलच होते असे लिहिले. नंतर त्यांनी खुलासा केला की हे त्यांचे स्वतःचे मत होते, सरकारचा उद्देश म्हणून त्यांनी ते मांडलेले नव्हते.

पण त्या तेलाचे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. ३० जून २००९ रोजी बगदादमध्ये तेलक्षेत्रांचा लिलाव झाला आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. इराकचे सर्वांत मोठे क्षेत्र रुमैला. ते मिळाले ब्रिटिश बीपी आणि चीनची सरकारी कंपनी सीएनपीसी यांच्या जोडीला. मिळाले तेही मालकी हक्काने नव्हे. दर वाढीव पिंपामागे दोन डॉलर मेहनताना, तेल इराकचेच. अमेरिकेच्या एक्झॉनमोबिलने दोन डॉलरवर काम करायला नकार दिला होता. डिसेंबरच्या फेरीत वेस्ट कुर्ना-२ हे क्षेत्र रशियाच्या लुकॉइलकडे गेले. एक्झॉनला मिळालेले वेस्ट कुर्ना-१ सुद्धा पुढे तिने सोडले आणि तिथली मुख्य कंत्राटदार चिनी कंपनी झाली. तेल लुटण्यासाठीच युद्ध केले असेल, तर लूट दुसऱ्यांच्या पदरात पडली असे म्हणावे लागेल.

तरीही तेलाचा संबंध नव्हता, हे म्हणणे तितकेच चूक ठरेल. जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जाहीर केले होते की पर्शियाच्या आखातावर बाहेरच्या कोणत्याही शक्तीने ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला तर तो अमेरिकेच्या मर्मावरचा हल्ला समजला जाईल आणि गरज पडल्यास सैन्यबळाने परतवला जाईल. त्या दिवसापासून आखात हे अमेरिकी सेनापतींच्या नकाशावरचे कायमचे ठिकाण झाले. तिथे तळ आले, आरमार आले, तिथल्या प्रत्येक राजवटीचे वजन तोलले जाऊ लागले. आफ्रिकेतल्या एखाद्या निर्दय हुकूमशहाची जी फिकीर वॉशिंग्टनला नव्हती ती सद्दामची होती, याचे कारण त्याच्या पायाखालची जमीन. तेल ही त्या नाटकातली भूमिका नव्हती, ते रंगमंचाचे फळकूट होते. त्यावर कोण काय बोलले ते वेगळे तपासावे लागते.

ग्वाटेमालाची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. १९५४ मध्ये सीआयएने तिथल्या निवडून आलेल्या जाकोबो आर्बेन्झ सरकारला उलथवले. युनायटेड फ्रूट या केळी-कंपनीच्या पडीक जमिनी आर्बेन्झ यांनी भूसुधारणेत काढून घेतल्या होत्या आणि परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांची जुनी वकिली संस्था त्या कंपनीचे काम पाहत आली होती. एवढ्यावर निकाल लागावा असे वाटते. पण सत्तापालटानंतर काही दिवसांतच अमेरिकी न्याय खात्याने त्याच कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. कंपनीचा स्वार्थ आणि कम्युनिझमची धास्ती या दोन गोष्टी त्या वर्षी एकाच दिशेने वाहत होत्या. खटल्याच्या वेळी त्यांची तोंडे वेगळी झाली. अशा वेळी ‘सगळे केळ्यांसाठी’ म्हटल्याने सोपे वाटते, पण सीआयएच्या त्या धास्तीने पुढे ग्वाटेमालात किती दशके रक्त सांडले ते त्या वाक्यात मावत नाही.

‘सगळे तेलासाठी’ या वाक्यावरचा आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. ते फार लोकांना मोकळे सोडते. एकदा युद्धाचे खापर कंपन्यांच्या लोभावर फोडले की ज्यांच्यापुढे कागद ठेवला होता आणि ज्यांनी तो उघडला नाही, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

हा कागद म्हणजे ऑक्टोबर २००२ मधला राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाज. नव्वदहून अधिक पानांचा हा गोपनीय अहवाल संसद सदस्यांसाठी वाचायला उपलब्ध होता. त्यात मतभेद नोंदवलेले होते. इराक पुन्हा अणुबाँबच्या मागे लागल्याचा पुरावा पुरेसा नाही असे परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने त्यात लिहिले होते. ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एवढा बोलबाला झाला, त्या युरेनियम समृद्ध करण्यासाठी असतील हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना पटले नव्हते. पूर्ण अहवाल वाचणारे सदस्य मोजकेच निघाले. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहॅम यांनी तो वाचला आणि युद्धाच्या विरोधात मत दिले. प्रतिनिधिगृहात युद्धाला परवानगी देणारा ठराव २९६ विरुद्ध १३३ मतांनी, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. निवडणुकीला चार आठवडेही उरले नव्हते. त्या ठरावात ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी वीसहून अधिक कलमे आहेत: शस्त्रे, दहशतवाद, कुवेतमधले बेपत्ता लोक, स्वतःच्या प्रजेवरचा जुलूम. प्रत्येक सदस्याला आपापले कारण त्यात सापडेल अशी सोय होती.

त्या जुलमाच्या कलमापाशी थांबावेसे वाटते. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्दिश गावावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे मेली, त्यांत बायका आणि लेकरे होती. त्या काळात इराणविरुद्धच्या युद्धात अमेरिका सद्दामच्या पाठीशी होती. रम्सफेल्ड १९८३ मध्ये रेगन यांचे दूत म्हणून बगदादला जाऊन त्याच्याशी हस्तांदोलन करून आले होते. हलब्जाच्या मृतांची आठवण वॉशिंग्टनला आवर्जून झाली ती २००२-०३ मध्ये. त्या लेकरांचे मरण पंधरा वर्षे तितकेच खरे होते. जो हेतू पंधरा वर्षे कोणाला हलवत नाही आणि हवा त्या आठवड्यात हलवतो, त्याला हेतू म्हणता येत नाही. आणि कुर्दांना मात्र सद्दाम गेल्याचा आनंद खरोखरच झाला, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. वाईट कारणाने केलेल्या कृत्यातूनही कोणाची सुटका होऊ शकते. इराकी नागरिकांच्या नोंद झालेल्या मृत्यूंचा आकडा पुढच्या वर्षांत लाखाच्या वर गेला. कुर्दांचा आनंद त्या आकड्याला पुसू शकत नाही.

कारण योग्य असतानाही खोट्याचा आधार घेतला गेल्याचे उदाहरण १९९०-९१ च्या कुवेत युद्धात आहे. सद्दामने कुवेत गिळले होते, सुरक्षा परिषदेचा ठराव होता, कारण भक्कम होते. तरीही ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनमध्ये पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत रडत साक्ष दिली की इराकी सैनिकांनी इस्पितळात अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेटीतून काढून जमिनीवर टाकली. काही सिनेटरांनी युद्धाच्या चर्चेत तिचा दाखला दिला. ठराव ५२ विरुद्ध ४७ इतक्या निसटत्या फरकाने मंजूर झाला. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे एका जनसंपर्क कंपनीची मोहीम होती, हे युद्ध संपल्यावर उघड झाले. त्या कहाणीला पुरावा सापडला नाही.

त्या युद्धाची झळ आपल्या घरापर्यंत पोचली होती. कुवेत आणि इराकमध्ये अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे मुंबईत आणले. त्यांत केरळइतके नसले तरी गोवा आणि कोकणातले कितीतरी जण होते, ज्यांची वर्षानुवर्षांची कमाई तिकडेच राहिली. तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला, आधीच डळमळीत असलेली परकीय चलनाची गंगाजळी तळाला गेली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण पाठवले. वॉशिंग्टनमधल्या पाच मतांच्या फरकाशी रत्नागिरीतल्या एखाद्या घराचे हप्ते असे जोडलेले असतात. म्हणून हा वाद आपला आहे.

अमेरिकेच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की जिथे हेतूवरचा संशय लोकप्रतिनिधींनी वेळेवर कायद्यात उतरवला. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून अधिक खलाशी गेले आणि वृत्तपत्रांनी स्पेनविरुद्ध रान उठवले. (१९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठीतल्या आगीने झाला.) युद्ध क्यूबाच्या मुक्ततेसाठी आहे असे सगळे म्हणत होते. तेव्हा कोलोरॅडोचे सिनेटर हेन्री टेलर यांनी ठरावाला एक दुरुस्ती जोडली: अमेरिका क्यूबावर सत्ता गाजवणार नाही, शांतता प्रस्थापित झाली की बेट तिथल्या लोकांच्या हवाली करेल. युद्ध जिंकल्यावर क्यूबा अमेरिकेला आपल्यात जोडून घेता आला नाही. फिलिपिन्सबद्दल असे काही लिहिलेले नव्हते. ती बेटे स्पेनकडून दोन कोटी डॉलरला घेतली गेली आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो लोकांशी अमेरिका १९०२ पर्यंत लढली. क्यूबालाही १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने जाचक अटी घातल्या गेल्या, ग्वांटानामोचा तळ अजून तिथेच आहे. टेलर यांच्या ओळीने सगळे थोपवले नाही. पण त्या वर्षी मनिला आणि हवाना यांच्या नशिबात जो फरक पडला तो त्या लेखी ओळीमुळे पडला. मार्क ट्वेन फिलिपिन्समधल्या युद्धाविरुद्ध लिहीत राहिले, तेही याच प्रश्नासाठी: मुक्त करायला गेलेले धनी कसे झाले?

स्वार्थ नसला की मदत येते किंवा हेतू शुद्ध असला की परिणाम चांगला येतो, असेही नाही. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख माणसे कापली गेली तेव्हा अमेरिकेचा तिथे कसलाच स्वार्थ नव्हता आणि म्हणूनच ती गेली नाही. २०११ मध्ये लिबियात बेंगाझीच्या नागरिकांना वाचवण्यासाठी सुरक्षा परिषदेने परवानगी दिली. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. ती परवानगी काही आठवड्यांतच गद्दाफी राजवट पाडण्याच्या मोहिमेत विरघळली. बेंगाझीतला धोका किती तपासून पाहिला होता, यावर ब्रिटिश संसदेच्याच समितीने २०१६ मध्ये ताशेरे ओढले. लिबिया आजही दुभंगलेला आहे.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हा हीच साखळी पुन्हा दिसली. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता प्रमुखांनी मार्चमध्ये संसदेला सांगितले होते की इराण अण्वस्त्र बनवत नसल्याचा यंत्रणांचा अंदाज आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, असे राष्ट्राध्यक्षांनी हल्ल्याआधी जाहीर केले. संसदेची मंजुरी घ्यावी या सिनेटमधल्या प्रस्तावाला ४७ मते मिळाली, विरोधात ५३. इराणच्या राजवटीबद्दल आम्हाला तिळमात्र ममत्व नाही. प्रश्न असा आहे की अंदाज आणि निर्णय यांत अंतर पडले तेव्हा ते अंतर मोजायला कोण बसले होते?

भारताने २००३ मध्ये हे मोजमाप दोनदा केले. ८ एप्रिलला, बगदाद पडण्याच्या आदल्या दिवशी, लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला. अध्यक्षपदी तेव्हा मनोहर जोशी होते. त्या आधी कित्येक दिवस एका शब्दावर खल चालला होता. अखेर हिंदी ठरावात ‘निंदा’ आला आणि इंग्रजी मसुद्यात त्याहून सौम्य शब्द. काहींना तो शब्दांचा खेळ वाटला. आम्हाला तो वाटत नाही. शब्द ठरवताना सरकारला आणि विरोधकांना आपण नेमके काय मानतो ते ठरवावे लागले. नंतर अमेरिकेने उत्तर इराकसाठी भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे सतरा हजार जवान, मागितले. दिल्लीत तसे करण्याच्या बाजूने बोलणारे वजनदार लोक होते. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या झेंड्याखाली, कोणत्या कामासाठी, हे प्रश्न जवान निघण्याआधी विचारले गेले. इराकमध्ये पुढे जे घडले ते पाहता महार, मराठा, शीख अशा कितीतरी पलटणींच्या घरांवरचे संकट त्या नकाराने टळले.

ऑक्टोबर २००२ चा तो अमेरिकी ठराव मात्र जिवंत राहिला. संहारक शस्त्रे नव्हती हे सिद्ध झाले, तरी तो राहिला. सद्दामला ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी झाली, तरी राहिला. २०११ च्या अखेरीस अमेरिकी फौज परतली, तरी राहिला. ३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाजवळ ड्रोन हल्ल्यात इराणचे जनरल कासिम सुलेमानी मारले गेले, तेव्हा अमेरिकी सरकारने संसदेला कळवलेल्या कायदेशीर आधारांत याच ठरावाचे नाव होते. सद्दामविरुद्ध दिलेली परवानगी सद्दामच्या हाडवैरी देशाच्या सेनापतीविरुद्ध वापरली गेली. २९ मार्च २०२३ रोजी सिनेटने तो रद्द करण्याच्या बाजूने ६६ विरुद्ध ३० असा कौल दिला. त्या दिवशी बगदादमध्ये जे सरकार होते त्याला वॉशिंग्टन आपला भागीदार म्हणत होते आणि तिथल्या लष्कराला अमेरिकी अधिकारी प्रशिक्षण देत होते.